सासूबाईंची शुगर, मशेरीचा डबा आणि तुझ्या ब्रशवरचं रक्त

पत्र (थोडं कापून): "मावशी, माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत, शुगर सात वर्षांपासून. गोळ्या वेळेवर घेतात, गोड बंद, चहा बिनसाखरेचा, रोज चालायला जातात तरी तीन महिन्यांची शुगर ८.९ च्या खाली येईना. हिरड्या सुजलेल्या असतात, रक्त येतं, खालचे पुढचे दोन दात हलतात. दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लागते. शुगरचे डॉक्टर म्हणाले आधी दातांचं बघून घ्या, पण त्या म्हणतात शेजारच्या काकूंनी दात साफ करून घेतले आणि सगळे खिळखिळे झाले, मी नाही जायची. मिस्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की दात खराब असले की हार्ट अटॅक येतो, म्हातारपणी विसरायला होतं, म्हणून ते म्हणतात सगळेच काढून कवळी बसवू, कटकट मिटेल. काय करू? ता.क. मला चौथा महिना चालूय, ब्रश केला की माझ्यापण हिरड्यातून रक्त येतं, पण ते गरोदरपणात होतंच ना?"

अगं, तीन पानं सासूबाईंवर आणि स्वतःवर ता.क. मधली एक ओळ! तीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला मी, आणि सासूला घेऊन आलेली सून स्वतः खुर्चीत कधी बसत नाही हे इतक्या वेळा बघितलंय की आता पत्र आलं की मी आधी ता.क. वाचते. म्हणून सुरुवात तुझ्यापासून, सासूबाई तीन परिच्छेद थांबतील.

गरोदरपणात हिरड्या सुजणं, रक्त येणं हे बऱ्याच जणींना होतं हे खरं. हार्मोन्स बदलतात, हिरड्यांतला रक्तपुरवठा वाढतो आणि एरवी दाताच्या कडेला जो थोडासा चिकट थर बसलेला चालून जायचा तोच आता हिरडीला सहन होत नाही. पण होतं म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण मूळ तो थरच आहे, हार्मोन्स फक्त त्याला फुंकर घालतात. रक्त येतं म्हणून बायका तिथे ब्रश लावायचंच टाळतात, मग थर वाढतो, मग अजून रक्त. उलट करायचं, मऊ ब्रश घेऊन तिथेच हळू हळू जास्त वेळ द्यायचा, आठ-दहा दिवसांत रक्त कमी व्हायला लागतं. नाही झालं तर दातांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि गरोदर आहे म्हणून घाबरायचं नाही, चौथा ते सहावा महिना तर या कामाला सगळ्यात सोयीचा, उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट अजून एवढं वाढलेलं नसतं की खुर्चीत उताणं झोपवत नाही. फक्त बसल्या बसल्या पहिलं वाक्य सांगायचं, मला अमुक महिना चालूय. मग ते औषध जपून देतात, टेट्रासायक्लिनसारखी काही अँटिबायोटिक्स या दिवसांत चालत नाहीत, त्याने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. उलटी झाली तर लगेच ब्रश करू नकोस. पोटातल्या आम्लाने दाताचं कवच मऊ झालेलं असतं, त्यावर घासलं की झिजतं, म्हणून आधी साध्या पाण्याने चूळ भर, चिमूटभर खाण्याचा सोडा टाकलास तर अजून चांगलं, आणि अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश कर.

आणि आता कोणीतरी तुलापण फॉरवर्ड पाठवेल की हिरड्या खराब असल्या की बाळ दिवसाआधी होतं. असा संबंध काही अभ्यासांत दिसलाय खरा. पण २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर नीट चाचणी झाली, अर्ध्या जणींच्या हिरड्यांवर बाळंतपणाआधी उपचार केले आणि बाकीच्यांच्या नंतर. निघालं काय, तर उपचार सुरक्षित आहेत, हिरड्या सुधारल्या, पण लवकर बाळंत होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. म्हणजे भीतीपोटी जाऊ नकोस. हिरडी दुखते, रक्त येतं, ते बरं होण्यासारखं आहे, एवढं कारण पुरे आहे की.

एक विचारू का, रागावू नकोस. मशेरी तूपण लावतेस का? पत्रात नाहीये म्हणून विचारतेय. सासू लावते त्या घरात सुनेच्या बोटाला कधी ना कधी लागतेच, आणि या दिवसांत मळमळ थांबते म्हणून कितीतरी जणी सुरू करतात. मुंबईत गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ साली छापून आला, त्यात मशेरी-तंबाखूसारखं तोंडात लावणाऱ्या-चघळणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. लावत असशील तर आज बंद, आणि प्रसूतीच्या डॉक्टरांना खरं सांग. लावत नसशील तर निदान तवा तापतो तेव्हा स्वयंपाकघरात थांबू नकोस, तंबाखू भाजल्याचा तो ठसका कोणाच्याच कामाचा नाही.

आता सासूबाई. तुझ्या पत्रात सगळं शुगर, शुगर आहे आणि हिरड्यांचं एक वाक्य मध्येच येऊन जातं, जसं काही तो वेगळाच विषय आहे. माझं म्हणणं एवढंच की तो वेगळा विषय नाहीच. बघ, ज्याला आपण पायोरिया म्हणतो त्यात काय होतं, तर दाताच्या कडेचा थर साफ झाला नाही की लाळेतल्या क्षारांनी तो घट्ट होतो, त्याचं कीटण होतं, कीटणावर अजून जंतू बसतात, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये फट पडते, आम्ही त्याला पॉकेट म्हणतो. या पॉकेटची आतली बाजू म्हणजे सोललेली जखम असते. पायोरिया असलेल्या माणसाची अशी सगळ्या दातांभोवतीची जखम जोडून मापली तर साधारण ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे पाच रुपयांची दोन ते पाच नाणी शेजारी ठेवल्यावर जेवढी जागा होईल तेवढी. आता मला सांग, सासूबाईंच्या पायावर एवढी जखम असती, रोज तिच्यातून रक्त आलं असतं, तर घरात कोणी म्हणालं असतं का की राहू दे, वयोमानाप्रमाणे होतं? शुगरच्या माणसाच्या पायाला काटा टोचला तरी आपण धावतो. तोंडातली जखम दिसत नाही, दुखतपण नाही फारशी, म्हणून सात वर्षं चालून जाते.

आणि ही जखम रात्रंदिवस सुजलेली असते. त्या सुजेची रसायनं रक्तात जातात आणि शरीरावर इन्सुलिनचा जो परिणाम व्हायला पाहिजे तो बोथट करतात. म्हणजे गोळी तीच, चालणं तेच, आणि शुगर वरच. उलट दिशेनेपण तेच, शुगर वर राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात, जखम भरत नाही, तोंड कोरडं पडतं, हिरड्या अजून खराब. दोन्हीकडून एकमेकांना खतपाणी. हे नुसतं पुस्तकातलं नाहीये, मधुमेही लोकांच्या हिरड्यांखालची नीट सफाई करून नंतर शुगर मोजण्याच्या बऱ्याच चाचण्या झाल्यात, तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तुझ्या पत्रातली ती तीन महिन्यांची शुगर, सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतं. ८.९ चं ७ होणार नाही, कोणी तसं सांगितलं तर उठून ये. पण ८.९ चं ८.५ झालं तरी शुगरचे डॉक्टर खूष होतील, कारण तेवढ्यासाठी ते कधीकधी एक गोळी वाढवतात. आणि हो, सफाई केल्यावर पंधरा दिवसांत टेस्ट करून "काही फरक नाही" म्हणू नका, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि ती टेस्ट त्या पेशींना चिकटलेली साखर मोजते, तीन महिने थांबायलाच लागतं.

शेजारच्या काकूंचं. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की दवाखान्यात एक जुनं कीटण बाटलीत ठेवलं होतं दाखवायला. कीटण दातांच्या मधे सिमेंटसारखं भरलेलं असतं. खाली हाड झिजून दात कधीच सैल झालेला असतो, सिमेंट त्याला धरून ठेवतं, ते काढलं की दात मोकळा होतो, फटी दिसतात, थंड पाणी झिणझिणतं आणि माणूस म्हणतो डॉक्टरने दात हलवले. ओल आलेल्या भिंतीवर नुसता चुना मारत राहायचं आणि कोणी पोपडे काढले की त्याच्यावरच चिडायचं, तसं झालं हे. सफाईनंतर हिरडी आवळून बसते, बरेच दात पहिल्यापेक्षा घट्ट होतात, झिणझिण काही आठवड्यांत जाते. सगळे वाचतीलच असं नाही, त्या हलणाऱ्या दोघांतला एखादा जाईलही, ते बघून आधीच सांगतात, न सांगणाऱ्याकडे जाऊ नका. सासूबाईंचं काम नुसत्या वरवरच्या स्केलिंगने होणार नाही बहुतेक, हिरडीखालची सफाई लागेल, दोन-तीन वेळा जावं लागेल. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, बाकी जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, वेळ जातो पण काम होतं.

जाताना मात्र उपाशी नेऊ नका. लोक सोनोग्राफीला जातात तसे शुगरच्या पेशंटला उपाशीपोटी घेऊन येतात आणि खुर्चीत घाम फुटतो. सकाळी नाश्ता, नेहमीची गोळी, मग अपॉइंटमेंट. पर्समध्ये साखर. शुगरचे रिपोर्ट आणि सगळ्या, म्हणजे सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर.

पाकिटांवरून आठवलं, सासूबाईंना बीपी आहे का? शुगरबरोबर पुष्कळदा असतोच. बीपीच्या गोळीवर अ‍ॅमलोडिपिन लिहिलंय का बघ. त्या गोळीने काही जणांच्या हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात, फुगलेल्या दिसतात, त्यात घाण अडकते. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देऊ शकतात. स्वतः बंद करायची नाही, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तीपण दात काढायचाय म्हणून मनाने बंद करायची नाही, त्यापायी दातापेक्षा मोठं काहीतरी होऊन बसतं. अजून एक, लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का, हृदयाच्या झडपेचं काही सांगितलं होतं का हे विचार. कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा झडपेला आधी कधी इन्फेक्शन झालं असेल तर तोंडातले जंतू रक्तातून जाऊन तिथे परत घर करू शकतात, अशा पेशंटला दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक देतात. तोंड आणि हृदयाचा पक्का माहिती असलेला संबंध तो हा.

मिस्टरांच्या फॉरवर्डमधला हार्ट अटॅक वेगळा. पायोरिया असणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो हे बरोबर, अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सगळे अभ्यास पाहून तेच सांगितलं, पण सोबत हेही सांगितलं की पायोरियामुळेच तो होतो किंवा हिरड्या बऱ्या केल्याने तो टळतो असं सिद्ध झालेलं नाही. तंबाखू, बिडी, शुगर या गोष्टी दोघांच्याही मुळाशी असतात ना, मग कोणाचं पाप कोणावर टाकायचं? विसरण्याच्या आजाराचंही तसंच, हिरड्यांतले जंतू अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत सापडल्याचं २०१९ साली गाजलं, त्यावरून औषधपण बनवून पाहिलं, त्या चाचणीत उपयोग झाला नाही. त्यामानाने एक साधी गोष्ट आहे जी फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड रोज दुसऱ्याने साफ केलं तर न्यूमोनिया कमी होतो, जपानमधल्या वृद्धाश्रमांत हे करून बघितलंय. झोपेत तोंडातली घाण श्वासाबरोबर छातीत उतरते म्हणून. घरात कोणी आजोबा-आजी असे असतील तर हे ध्यानात ठेव, कवळी असली तरी रात्री काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवायची.

आणि सगळे दात उपटून टाकायची मिस्टरांची आयडिया, त्यांना सांग की ती शंभर वर्षं जुनी आहे. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या लंडनच्या डॉक्टरने कॅनडात माँट्रियलला भाषण केलं की तोंडातल्या घाणीमुळे सगळ्या शरीरात आजार होतात. बोलला त्यात तथ्य होतं, पण पुढची वीस-तीस वर्षं डॉक्टरांनी सांधेदुखी असो, थकवा असो, दिसला दात की काढ असा सपाटा लावला. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाचा डॉक्टर होता, त्याने तर वेड दातांतून येतं म्हणून पेशंटचे दात काढले, तेवढ्याने भागेना तेव्हा आतडीसुद्धा कापली. वेड तर गेलं नाहीच, शस्त्रक्रियांनी माणसं मेली. बरं आपलं घरातलंच बघ ना, कवळीने भाकरी, शेंगदाणे, काकडी, गाजर चावताना किती हाल होतात. मग म्हातारी माणसं चहात बुडवलेली खारी, मऊ भात, पाव यावर येतात. शुगरच्या बाईला आपण तेच खायला लावायचं का? वाचणारे दात वाचवायचे, अगदी जाणारे तेवढेच काढायचे.

आता खरी अवघड गोष्ट, मशेरी. १९९२ साली सरकारने टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार! सासूबाई म्हणतील मी तंबाखू कुठं खाते, मी तर दात घासते. बहुतेकींची सुरुवात तशीच असते, आईने लावली म्हणून, दाढ दुखली म्हणून, आणि मग सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दुपारी लावल्याशिवाय काम सुचत नाही. ती दात घासायची सवय नाहीच मग, निकोटिनची तलफ आहे. भाजल्याने तंबाखूतलं विष जात नाही, बोटाने रोज त्याच जागी चोळली जाते, तिथली हिरडी खाली उतरते, पांढरे चट्टे येतात आणि त्यातल्या काहींचा कॅन्सर होतो. तू एक काम कर, उजेडात त्यांचा ओठ वळवून मशेरी ठेवायची जागा बघ. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, तिखट सहन न होणं, यातलं काही दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते दाखवायचं, वाट बघायची नाही.

सुटते का? माझ्या आईची मी सोडवू शकले नाही, दातांची डॉक्टर असून. घरच्या डॉक्टरचं कोण ऐकतं. पाच वेळाची दोनवर आली ती तिच्या बीपीच्या डॉक्टरांनी एकदा खडसावल्यावर, आणि दोनाची एक झाली सकाळी गरम पाणी आणि भिजवलेले अंजीर सुरू केल्यावर, कारण तिचा सगळा मुद्दा पोटाचा होता. शेवटची एक राहिलीच. म्हणून तुला सांगते, डबा लपवू नकोस, सुनेने डबा लपवला की विषय मशेरीचा राहत नाही. शुगरच्या डॉक्टरांना आधी फोन करून सांग की पुढच्या वेळी तुम्ही त्यांना विचारा. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६, फोन त्यांनी स्वतः करायचा, तू नाही. दिवसातली कुठली मशेरी सोडायला सोपी ते त्यांनाच ठरवू दे, बहुतेक दुपारची निघते आधी. निकोटिनचं च्युइंगगम असतं पण हलत्या दातांना ते जमायचं नाही, पट्टी असते त्वचेला लावायची, ते डॉक्टरांना विचारून.

मशेरी काढून घेतली तर तिच्या जागी काय, हा प्रश्न त्या विचारणारच. राखुंडी, मीठ-कोळसा हे नको, खरखरीत असतं, हिरडी उतरलेल्या जागी दात उघडा पडलेला असतो तो खाचून जातो. कडुलिंबाची काडी आवडत असेल तर चावून अगदी मऊ कुंचला करून वापरू दे सकाळी, हरकत नाही, पण रात्री ब्रश हवाच. सगळ्यात मऊ लिहिलेला ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडची साधी पेस्ट, महाग नको, ब्रश हिरडीकडे तिरका धरायचा म्हणजे केस अर्धे दातावर अर्धे हिरडीच्या कडेत जातील, आणि जागच्या जागी हलकं थरथरवायचं, भांडं घासल्यासारखं आडवं खसाखसा नाही. दोन मिनिटं. आपल्याकडे लोक वीस सेकंदांत उरकतात, मोजून बघ एकदा घरात सगळ्यांचं. झाल्यावर फेस थुंकायचा आणि पाण्याने खळाखळा चूळ भरायची नाही, पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहू द्यायचं, हे पचायला दोन दिवस जातात पण सवय होते. त्यांच्या फटींमध्ये ब्रश पोचणार नाही, तिथे बाटली धुवायच्या ब्रशसारखे एवढूसे ब्रश मिळतात मेडिकलमध्ये, कुठल्या जाडीचा ते डॉक्टर दाखवतील. एक वेळच जमत असेल तर रात्रीची निवड, झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. रात्रीच्या ब्रशनंतर मशेरी नाही, हा एकच नियम घातलास तरी दिवसाची एक वेळ आपोआप निघते, बघ करून.

सासूबाईंना न्यायची युक्ती सांगू? त्यांना म्हण, मला चौथा महिना आहे, दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, एकटी कशी जाऊ, तुम्ही चला सोबत. नातवंडासाठी कुठलीही सासू येते. खुर्चीत आधी तू बस, त्यांना समोर बसून बघू दे की मशीनचं पाणी उडतं, जरा झिणझिणतं, आणि सून हसत उठते. मग डॉक्टरच म्हणतील, काकू, तुमचंपण बघू का एक मिनिट. माझ्याकडे निम्म्या सासवा अशाच आल्यात.

मिस्टर सोबत आले तर त्यांनापण बसवा, आईचे सगळे दात काढायला निघालेत पण स्वतःच्या तोंडाबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीयेस. गुटखा-मावा काही आहे का तेपण कळव, आणि तीन महिन्यांनी सासूबाईंचा आकडा.